‘ट्रान्सम’ : घराची तुळई व नौकेची पिछाडी

दारावरील झडपेखालच्या आडव्या लाकडास ‘ट्रान्सम’ म्हणताना आपल्या तरुण कारागिरांस आम्ही ऐकतो. होडीच्या पिछाडीची सपाट फळी, जिच्यावर हल्ली यंत्र टांगतात, तिचेही नाव तेच. घराला आणि नौकेला एकच शब्द कसा लागला?

शब्द इंग्रजी खरा. परंतु बहुतेक कोशकार त्याचे मूळ लॅटिन ‘ट्रान्स्ट्रुम’, म्हणजे आडवे टाकलेले लाकूड, असे देतात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस हा मोठ्या गाळ्याच्या छपराखालील तुळयांना हे नाव देतो. त्याच शतकातील ज्यूलियस सीझर तेच नाव जहाजांत योजतो. इ. स. पू. ५६ मध्ये गॉलच्या किनाऱ्यावरील व्हेनेटी लोकांशी त्याचे आरमारी युद्ध झाले. त्यांच्या जहाजांच्या आडव्या तुळया एक फूट जाड असून त्या अंगठ्याएवढ्या जाड लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या, असे तो लिहितो. शत्रूच्या खिळ्यांची जाडी नोंदविणारा सेनापती आम्हांस तरी विरळा वाटतो! वल्हेकऱ्यांच्या बैठकीसही हाच शब्द होता. कारण दोन भिंतींना तुळई जशी सांधते, तशीच नौकेच्या दोन कुशींना ती आडवी फळी सांधते. कारागिराच्या दृष्टीने काम एकच, म्हणून नावही एकच.

यातील ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, आरपार. संस्कृत ‘तिरस्’ हा त्याचा सगोत्र असून ‘तॄ’ धातू, नौकावाचक ‘तरी’ व आपले ‘तरणे’ ही त्याच कुळातली. येथे काही उत्साही मंडळी हा शब्द संस्कृतातूनच तिकडे गेला असे सांगू लागतात. आम्हांस ते मान्य नाही. या भाषा परस्परांच्या भगिनी होत, माता व कन्या नव्हेत. खोट्या वंशावळीने आपल्या धंद्याची प्रतिष्ठा वाढत नाही. घरची ‘तुळई’ संस्कृत ‘तुला’पासून आली, हे तर निर्विवाद आहे.

शब्दाआधी वस्तू मात्र आपल्याकडे आली होती. कच्छच्या कोटिया गलबतांची पिछाडी सपाट व कोरीव असे, आणि अनेक अभ्यासक तिचा संबंध युरोपीय जहाजांच्या घडणीशी जोडतात. घडण परक्याची घेतली असेल. तीवरील वेलबुट्टी मात्र येथल्याच पटाशीची.