‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल ओके’: डिझाईनच्या फाईली सांभाळायच्या तरी कशा?

दिवाळी अंक असो, लग्नपत्रिका असो की दुकानाच्या उद्घाटनाचा फ्लेक्स, डिझायनरच्या कॉम्प्युटरवर एका कामाच्या पाच-सात फाईली हमखास सापडतात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल करेक्शन’, ‘फायनल ओके’ आणि कंटाळा आला की नुसतंच ‘११११’. काम एकटाच माणूस करत असेल तर यातली खरी कुठली हे त्याला आठवतं. तो सुट्टीवर गेला आणि प्रेसवाल्याने फाईल मागितली की गोंधळ सुरू होतो. दुसरा कुणी अंदाजाने एक फाईल पाठवतो, प्लेट निघते, मशीन चालतं आणि गठ्ठे हातात आल्यावर कळतं की मुखपृष्ठावरच्या किमतीची दुरुस्ती यात झालेलीच नव्हती. प्लेट, कागद, शाई सगळ्याचे पैसे गेले आणि चूक कुणाची यावर वाद सुरू.

म्हणून फाईली नीट ठेवल्यात का, याची कसोटी एकच. ज्याने ती फाईल बनवलेली नाही त्याला ती सापडते का, ओळखता येते का आणि उघडता येते का?

नावात काय असावं?

‘फायनल’ हा शब्द सोडून काहीही चालेल. फाईल सेव्ह करताना ती शेवटची आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. त्याऐवजी ग्राहकाचं नाव, कामाचं नाव, तारीख आणि आवृत्तीचा आकडा लिहावा. आकडा ०१, ०२ असा, पुढे शून्य लावून. शून्य नसेल तर बऱ्याच ठिकाणी १ नंतर थेट १० येतो आणि २ त्याच्या खाली जाऊन बसतो.

तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात हाच क्रम आहे. २०२५-१०-०२ असं लिहिलं की नावानुसार लावलेली यादी आपोआप काळानुसार लागते. आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला तर १ जानेवारी आणि १ डिसेंबर शेजारी येतात. तिरपी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारका ही चिन्हं विंडोज फाईलच्या नावात चालवून घेत नाही. नाव देवनागरीत देता येतं, पण झिप करताना किंवा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे चौकोन होऊ शकतात. रोमन लिपीतलं नाव दिसायला कोरडं वाटेल, पण पोहोचतं.

फोल्डर

प्रत्येक कामाला चार फोल्डर पुरतात: ग्राहकाकडून आलेलं, चालू काम, बाहेर पाठवलेलं आणि जुनं. यातला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो. प्रेसला जी फाईल गेली तिची जशीच्या तशी प्रत तारखेसह तिथे राहिली पाहिजे आणि तिला कुणी हात लावता कामा नये. दोन वर्षांनी ‘तेच पुन्हा छापा’ असा फोन येतो तेव्हा हाच फोल्डर उघडावा लागतो.

इनडिझाईनमध्ये लावलेला फोटो सहसा फाईलच्या आत नसतोच. आत असतो त्याचा पत्ता आणि दिसण्यापुरती एक हलकी प्रत. पेन ड्राइव्हवरून थेट लावलेला फोटो पेन ड्राइव्ह काढला की गायब. यासाठी इनडिझाईन आणि इलस्ट्रेटरमध्ये ‘पॅकेज’, तर कोरलड्रॉमध्ये ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ अशी सोय आहे. लागणारं सगळं सामान ती एका फोल्डरमध्ये गोळा करते. (ग्राहकाला व्हॉट्सअपवर फोटो मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगणंही याच कामाचा भाग. नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो.)

मराठीची खास डोकेदुखी: फॉन्ट

मराठी छपाईत आजही बरंच काम युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये चालतं. या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर ‘क’ साठवत नाही. तो एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवतो आणि त्या जागी ‘क’चा आकार फॉन्ट दाखवतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर अख्खा लेख अगम्य चिन्हांचा होतो. हे निदान लगेच दिसतं तरी. खरा धोका जवळपास सारखा पण वेगळ्या रचनेचा फॉन्ट लागल्यावर असतो. मजकूर वाचता येतो, पण मधलाच एखादा रफार किंवा जोडाक्षर बदललेलं असतं आणि ते छापून झाल्यावर वाचकच दाखवून देतो.

यावर प्रेसवाल्यांचा ठरलेला उपाय म्हणजे ‘कर्व्ह करून पाठवा’. कर्व्ह केलं की अक्षरांची चित्रं होतात, फॉन्टची गरज उरत नाही. पण त्यानंतर शुद्धलेखनाची चूकही सुधारता येत नाही. त्यामुळे कर्व्ह केलेली प्रत कायम वेगळ्या नावाने सेव्ह करायची आणि मूळ फाईल तशीच ठेवायची. घाईत मूळ फाईलवरच कर्व्ह करून सेव्ह मारल्याने कित्येक लेख पुन्हा टाइप करावे लागतात. शिवाय मजकुराची एक युनिकोड प्रत त्याच फोल्डरमध्ये असावी. फॉन्ट सोबत द्यायचा असेल तर त्याच्या परवान्यात ते बसतं का हेही पाहावं लागतं.

ड्राइव्हवर आहे म्हणजे सुरक्षित आहे?

नाही. गुगल ड्राइव्हसारखी सेवा कॉम्प्युटरवरचा फोल्डर जसा आहे तसा वर ठेवते. एकाने फाईल पुसली की ती सगळ्यांकडून जाते. ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी रिकामा होतो.

बॅकअप आहे असं समजून बसण्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा पिक्सारचा. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कुणीतरी सर्व्हरवर सगळं पुसणारी कमांड दिली आणि सिनेमाचा बहुतांश भाग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. बॅकअप काढायला गेले तर तोही नीट चालत नव्हता. गॅलिन सुसमन या तंत्र विभागातल्या वरिष्ठ सहकारी बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत निघाली. तो कॉम्प्युटर चादरींत गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला गेला. गंमत अशी की, इतकं वाचवूनही पुढे पिक्सारने कथा पसंत न पडल्याने सिनेमाचा मोठा भाग स्वतःच नव्याने केला.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम अशा वेळी कामी येतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. छोट्या ऑफिसला कॉम्प्युटर, बाहेरची हार्ड डिस्क आणि क्लाउड एवढ्यात हे जमतं. फक्त महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाईल खरोखर उघडून बघायची. पिक्सारकडे बॅकअपची व्यवस्था होती, तो चालतो का हे कुणी पाहिलं नव्हतं.

काम संपल्यावर

सॉफ्टवेअरही म्हातारं होतं. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ मध्ये आली. तिच्या फाईली इनडिझाईन सीएस६ पर्यंत उघडत होत्या, नंतरच्या इनडिझाईनमध्ये उघडत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये ॲडोबीने टाइप १ प्रकारच्या जुन्या फॉन्टचाही आधार काढून घेतला. म्हणून काम संपलं की मूळ फाईलसोबत फॉन्ट आत असलेली पीडीएफ, इनडिझाईनच्या इतर आवृत्त्यांतही उघडणारी आयडीएमएल प्रत आणि युनिकोड मजकूर ठेवावा. ज्या प्रकाशकांची जुनी पुस्तकं अजून पेजमेकरमध्येच आहेत, त्यांनी कोपऱ्यातला सीएस६ असलेला जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी ती सगळी त्यावर उघडून नव्या स्वरूपात सेव्ह करून घ्यावीत.