दक्षिण आफ्रिकेतील भारतीय कुटुंबे आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न (१८९७–१९३०)

१९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होते. जोहान्सबर्ग येथील भारतीयांच्या सभेपूर्वी गांधीजींनी त्यांना एक विनंती केली. तेथे राहणारे कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू यांना गोखल्यांचे भाषण मराठीतून ऐकावयाचे होते. गांधीजींच्या मराठीची थोडी थट्टा करून गोखल्यांनी ती मान्य केली. भाषण मराठीत झाले, त्याचे भाषांतर गांधीजींनी केले, आणि पुढे झांजीबारपर्यंत जेथे जेथे मराठी जाणणारे श्रोते भेटले तेथे हाच शिरस्ता ठेवण्यात आला. ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रह’ या ग्रंथात हा प्रसंग आला आहे. सत्याग्रहाच्या इतिहासात तो किरकोळ ठरेल. परंतु रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून समुद्रापार गेलेली मुस्लिम कुटुंबे मराठी ही आपली भाषा मानून तिची मागणी जाहीरपणे करीत होती, याचा तो स्पष्ट पुरावा आहे. मग या कुटुंबांची मुले कोणत्या शाळेत आणि कोणत्या भाषेत शिकली, हा प्रश्न ओघानेच येतो.

दक्षिण आफ्रिकेत गेलेले भारतीय दोन प्रकारचे होते. १८६० पासून नाताळमधील उसाच्या मळ्यांवर आलेले गिरमिटिया मजूर हा एक प्रकार. दुसरा प्रकार स्वतःचे तिकीट काढून आलेल्या ‘पॅसेंजर’ भारतीयांचा. पॅसेंजर म्हटले की गुजरातमधील मेमण आणि सुरती व्यापारी डोळ्यांसमोर येतात. तथापि केपटाउनला गेलेले बहुसंख्य कोकणी मुस्लिम मोठे व्यापारी नव्हते. ते दुकानातील नोकर होते, फेरीवाले होते, अंगमेहनतीची कामे करणारे होते. उमा धुपेलिया-मेस्त्री यांच्या संशोधनाने ही बाब चांगली उजेडात आणली आहे. शाळेच्या प्रश्नात हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण निवड करण्याची ताकद ऐपतीवर अवलंबून होती.

ऐपत आणि प्रतिष्ठा दोन्ही असलेल्या एका कुटुंबापुढे हा प्रश्न कसा उभा राहिला, त्याची नोंद स्वतः गांधीजींनी आत्मकथेत केली आहे. जानेवारी १८९७ मध्ये ते पत्नी व मुलांसह दरबानला उतरले. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या ‘कुरलँड’ जहाजाने ही मंडळी आली होती. बरोबर तीन मुले होती : दहा वर्षांचा भाचा, नऊ वर्षांचा हरिलाल आणि पाच वर्षांचा मणिलाल. गोऱ्यांच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला असता, पण तो खास मेहेरबानी म्हणून, कारण इतर भारतीय मुलांना ती दारे बंद होती. मिशनच्या शाळा भारतीय मुलांसाठी होत्या. परंतु तेथील शिक्षण त्यांना पसंत नव्हते, आणि माध्यम इंग्रजी, फार तर अशुद्ध तमिळ किंवा हिंदी. गुजराती शिक्षक मिळेना. शेवटी दरमहा सात पौंडांवर एक इंग्रज शिक्षिका नेमली गेली. मुलांना शिक्षणासाठी स्वदेशी पाठवणे हा मार्गही होता. भाचा आणि हरिलाल यांना काही महिने भारतातील वसतिगृहयुक्त शाळांत ठेवूनही पाहिले, आणि परत बोलावून घेतले. लहान मुलांनी आईबापांपासून दूर राहू नये असे त्यांचे मत होते.

या निर्णयाची किंमत मुलांनी मोजली, हे गांधीजींनी लपवलेले नाही. मुलांची तक्रार कायम राहिली, आणि १९११ मध्ये हरिलाल घर सोडून अहमदाबादला शाळेत शिकण्यासाठी निघून गेला. इतरांना नाही ती सवलत आपल्या मुलांसाठी घ्यायची नाही ही भूमिका तत्त्व म्हणून उंच आहेच. पण येथे एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. सवलत नाकारण्याचे स्वातंत्र्य ज्याला सवलत देऊ केली जाते त्यालाच असते. दरमहा सात पौंड खर्च करणे केपटाउनच्या फेरीवाल्याच्या स्वप्नातही नव्हते.

त्या फेरीवाल्याच्या मुलाची शाळा बहुधा कोकणातच ठरत असे, आणि ती ठरवण्यात बापाइतकाच वाटा परदेशी कायद्याचा होता. केप वसाहतीच्या १९०२ च्या कायद्याने नव्याने येणाऱ्यास एखादी युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट घातली. १९०६ च्या कायद्याने ती कायम ठेवली आणि यिडिश ही या कामापुरती युरोपीय भाषा मानली. हिब्रू लिपीत लिहिली जाणारी यिडिश चालत होती. उर्दू, मराठी किंवा गुजराती चालत नव्हती. म्हणजे मुंबई इलाख्यातील मराठी सातवीची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला तरुण केपटाउनच्या धक्क्यावर निरक्षर ठरत होता. आधीपासून वसाहतीत राहणाऱ्याला गावी जाऊन यायचे तर छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा असलेला परवाना घ्यावा लागे, आणि ठरावीक मुदतीत परतला नाही तर त्याचा हक्क बुडे. १९१३ च्या कायद्याने तर इंग्रजी जाणणाऱ्या नवागतालाही आशियाई म्हणून रोखण्याची सोय सरकारला करून दिली. त्यानंतर उरला एकच दरवाजा, तेथे राहणाऱ्याची पत्नी आणि सोळा वर्षांखालील मुले.

हा दरवाजाही त्याच वर्षी जवळजवळ बंद झाला होता. मार्च १९१३ मध्ये केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की अनेकपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या विधीने झालेला विवाह कायद्याने विवाह नव्हे. प्रकरण एका मुस्लिम जोडप्याचे होते. या निकालाने हजारो स्त्रियांचे पत्नीपद आणि त्यांच्या मुलांचे औरसत्व एका फटक्यात संशयास्पद ठरले. सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या त्यामागे हे मोठे कारण होते. १९१४ च्या भारतीय साहाय्य कायद्याने एका पत्नीला आणि तिच्या अल्पवयीन मुलांना मान्यता मिळाली.

शाळेच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला? बाप परदेशी, आई आणि मुले गावी, अशी विभागलेली घरे हीच रीत होऊन बसली. मुलगा गावच्या मराठी किंवा उर्दू शाळेत आणि मक्तबात शिकत राही; पण सोळावे वर्ष लागण्यापूर्वी त्याला बोलावून घेतले नाही तर दार कायमचे बंद. हायस्कूलला जाण्याचे जे वय, तेच बोटीवर चढण्याचे वय ठरले. हा मुलगा केपटाउनला पोहोचल्यावर वर्गात बसण्याऐवजी दुकानात उभा राहिला असेल तर त्यात नवल नाही. मुलींचा विचार या हिशेबात क्वचितच येई, कारण मुलगी सामान्यतः आईबरोबर गावीच राही. १९२७ च्या कायद्याने मुलाने आईसोबतच आले पाहिजे अशी अट घातली. हेतू प्रवेश कमी करण्याचाच होता. पण एकट्या किशोरवयीन मुलाला मागवून घेण्याची वाट त्यामुळे बंद झाली, आणि ज्यांना मुले तेथे हवी होती त्यांना सबंध कुटुंबच हलवण्याचा विचार करणे भाग पडले.

जी मुले केपटाउनमध्ये होती त्यांच्यासाठी तरी काय उपलब्ध होते? गोऱ्या नसलेल्या मुलांच्या अनुदानित शाळा चर्चच्या हाती होत्या. मुस्लिम पालकाने अक्षरओळख हवी म्हणून मुलाला तेथे पाठवावे तर बायबलचा पाठ आलाच. धर्म जपावा म्हणून केवळ मदरशात ठेवावे तर सरकारी परीक्षांची वाट बंद. ही कोंडी फोडण्याचे श्रेय डॉ. अब्दुल्ला अब्दुर्रहमान यांना द्यावे लागेल. ग्लासगो येथे वैद्यक शिकून आलेले हे गृहस्थ १९०४ मध्ये केपटाउनच्या नगरपालिकेवर निवडून आले. भारतीय नव्हे, केप मलाय समाजातले. आजोबा गुलामगिरीतून मुक्त झालेले. त्यांच्या प्रयत्नांतून १९१२ मध्ये ट्रॅफल्गार हायस्कूल सुरू झाले, आणि १९१३ मध्ये रहमानिया इन्स्टिट्यूट. दीनी तालीम आणि सरकारी अभ्यासक्रम एकाच छपराखाली देणारी केपमधील ही पहिली शाळा. आपल्याकडील अंजुमनांनी मुंबईत जो मार्ग धरला होता, त्याच्याशी तिचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे. भारतातून आलेल्या मुस्लिम पालकांनाही या शाळेमुळे पर्याय मिळाला, परंतु तो इंग्रजी माध्यमाचाच.

एक वेगळा प्रयोग ट्रान्सवालमध्ये झाला. १९१० मध्ये कॅलनबाख यांच्या अकराशे एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म सुरू झाले. तुरुंगात गेलेल्या सत्याग्रहींची मुले तेथे होती : हिंदू, मुस्लिम, पारशी, ख्रिस्ती. मुलांना मातृभाषेतून शिकवण्याचा प्रयत्न असे, आणि तुटपुंज्या ज्ञानावर तमिळ व उर्दू गांधीजी स्वतः शिकवीत. दिवसभराच्या कामाने मुले वर्गात पेंगत, हेही त्यांनीच लिहिले आहे. रमजानमध्ये मुस्लिम मुलांना रोजे ठेवण्यास उत्तेजन दिले जाई आणि इतर मुलेही त्यांना साथ देत. शाळा म्हणून हा प्रयोग अल्पजीवी ठरला. पण मुलाचा धर्म आणि भाषा ही शिक्षणातील अडचण नव्हे, या गृहीतावर उभी असलेली शाळा त्या देशात तेव्हा दुर्मीळच होती.

नाताळमध्ये चित्र आणखी सावकाश बदलले. दरबानला १८९९ मध्ये भारतीयांसाठी ‘हायर ग्रेड’ शाळा निघाली होती; पण खऱ्या अर्थाने माध्यमिक शिक्षणासाठी तीस वर्षे थांबावे लागले. १९२७ च्या केपटाउन करारात भारतीयांच्या शिक्षणाचा मुद्दा आला, व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट म्हणून तेथे गेले, आणि शिक्षणविषयक चौकशीसाठी भारतातून कैलास प्रसाद किचलू आणि मिस गॉर्डन यांना पाचारण करण्यात आले. भारतीय समाजाच्या वर्गणीतून शास्त्री कॉलेज उभे राहिले, १९२९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, आणि शिकवण्यासाठी भारतातून शिक्षक गेले. ते मुलांचे विद्यालय होते. मुलींना तेथे जागा नव्हती.

या सर्व शाळांत मराठीला स्थान मिळाले नाही. गुजराती आणि तमिळ भाषकांची संख्या मोठी, त्यांच्या संस्था सधन. उर्दूला मदरशांचा आधार. कोकणी मुस्लिमांनी मुलांसाठी शाळेत इंग्रजी आणि मदरशात अरबी-उर्दू स्वीकारली. कोकणी बोली घरातल्या वडीलधाऱ्यांपुरती उरत गेली. ही निवड व्यवहाराला धरून होती, तिला दोष देण्याचे कारण नाही. तरीही ज्यांनी १९१२ मध्ये गोखल्यांकडे मराठी भाषणाचा हट्ट धरला, त्यांच्या नातवंडांना ते भाषण समजले नसते. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने ज्या समाजभाषांना आदर देण्याचे वचन दिले त्यांत गुजराती, हिंदी, तमिळ, तेलुगू आणि उर्दू ही नावे आहेत. धार्मिक उपयोगाच्या भाषांत अरबी, हिब्रू आणि संस्कृत. मराठी किंवा कोकणी यांचे नाव त्या कलमात नाही.