सत्तावीस की बहात्तर?

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता ती स्वतः शिक्षिका आहे, एम.एड. झालेली. शैक्षणिक मानसशास्त्रात पीएच.डी.ला अर्ज करायचा म्हणून तिने संशोधनाचा आराखडा लिहिला होता. "सर, एकदा नजर टाका ना." मी म्हटलं, "अगं, मी साधा मराठी माध्यमातला बी.ए., मला त्यातलं काय कळणार?" तरी कागद ठेवून गेली, आणि मी ते दोनदा वाचले.

विषय होता, प्राथमिक शाळेतील मुलांची बौद्धिक क्षमता आणि गणितातील संपादणूक. चाचणी अमेरिकेतली, ती मराठीत भाषांतर करून वापरणार. नमुना आमच्या चिंचोटी-कामण भागातल्या शाळांचा. भाषांतराच्या त्या एका ओळीपाशी मी अडखळलो. कारण या ओळीमागे मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा थेट मराठीशी जोडलेला आहे.

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. हेतू साधा होता. शाळेत मागे पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असलेली मुले ओळखायची. १९१६ साली स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी ती अमेरिकी मुलांसाठी नव्याने बेतली. त्यात सहा वर्षांच्या मुलाला चार नाणी ओळखायला सांगत : निकेल, पेनी, क्वार्टर आणि डाइम. आता सांगा, आमच्या पाड्यावरच्या मुलापुढे ही नाणी ठेवली आणि ते गप्प बसले, तर बुद्धी कोणाची कमी म्हणायची, मुलाची की नाणी ठेवणाऱ्याची?

हा प्रश्न ज्यांनी गांभीर्याने घेतला, त्यांच्यात व्ही. व्ही. कामत यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. तेव्हा मुंबई प्रांतात असलेल्या धारवाडला त्यांनी बिनेची चाचणी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली. त्यांचा लेख १९३४ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी'मध्ये आला आणि पुस्तक १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. अशा कामात नुसते शब्द बदलून भागत नाही. तिकडे सहाव्या वर्षी जमणारा प्रश्न इकडे आठव्या वर्षीही जड जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक प्रश्न निरनिराळ्या वयाच्या मुलांना विचारायचा, किती जणांना जमला ते मोजायचे, मगच तो कोणत्या वयाचा हे ठरवायचे. थोडक्यात, फूटपट्टी वापरण्याआधी फूटपट्टीच तपासायची!

गंमत बघा, मुंबई विद्यापीठात एम.एड. सुरू झाले ते १९३६ साली. शिक्षणशास्त्रातली देशातली पहिली पीएच.डी. याच विद्यापीठाने दिली, ती १९४३ साली. म्हणजे कामतांचा लेख या दोन्हींच्या आधीचा. शिडी नंतर उभी राहिली, माणूस आधीच वर चढून गेला होता.

तिला हे सांगताना मला माझी एक वही आठवली. प्राथमिकला शिकवताना मी 'सत्तावीस' म्हटले की काही मुले ७२ लिहीत. कान आधी 'सात' ऐकतो, हात आधी सात लिहितो. अशा चुका मी कितीतरी वर्षे त्या वहीत टिपून ठेवल्या. पुढे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशी पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांच्यावरही टीकेची झोड उठली. जर्मन भाषेतही सत्तावीसमध्ये सात आधी येतो, आणि तिथल्या मुलांच्या अशाच चुकांवर रीतसर संशोधन झालेले आहे. आपल्याकडे त्या दिवसांत ज्याला त्याला मत होते. मलाही होते. माझी वही पुरावा आहे असे मी छातीठोकपणे सांगत होतो.

वही तिच्या हातात दिली. तिने पाने चाळली आणि हळूच विचारले, "सर, बरोबर लिहिणारी मुलं किती होती?"

मी गप्प. ती मी मोजलीच नव्हती! चुकलेल्यांचीच नावे होती. कोण घरी वारली बोलतो, कोण हिंदी, याचीही नोंद नाही. चाळीसपैकी चार चुकले की चौदा, हे आज मलाही सांगता येणार नाही. एवढ्या वर्षांचा अनुभव, पण त्याला संशोधन म्हणता येत नाही. 'संशोधन पद्धती' म्हणजे विद्यापीठाने मागे लावलेले लचांड, असे मी समजत आलो होतो. ती खरे तर एवढीच शिस्त आहे : आपल्या मताच्या विरुद्ध जाणाऱ्या मुलालाही मोजायचे.

आता तिने विषय बदलला आहे. घरची भाषा वेगवेगळी असलेली मुले मराठी संख्यानामे ऐकून अंक कसे लिहितात, हा तिचा प्रश्न. चाचणी भाषांतरित नसेल, इथेच बेतून इथल्याच मुलांवर तपासलेली असेल. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ आणि एरवी जास्तीत जास्त ६ वर्षे असतात. शाळा सांभाळून हे सोपे नाही. आणि प्रवेश मिळेलच असेही नाही.

निघताना तिने विचारले, "सर, तुम्ही का नाही केलीत पीएच.डी.?" मी आजवर याचे उत्तर 'इंग्रजी' असे देत आलो. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे असे, की उत्तर मला आधीच ठाऊक आहे असे मला वाटत होते. मग विचारायचे काय राहिले?

असो. वही तिच्याकडेच आहे. पुरावा म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून.