शल्यविद्येतील उमेदवारी

शल्यवैद्य कसा घडतो हे पाहावयाचे असेल, तर शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती कोण कोठे उभे आहे ते पाहावे. ग्रंथ सर्वांना सारखेच वाचावयास मिळतात. टेबलाजवळची जागा मात्र मिळवावी लागते. गेल्या पंचवीस वर्षांत यंत्रमानवाने ही जागाच हलविली आहे. तीच कथा आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

आरंभ सुश्रुतापासून करण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. पण येथे त्याला कारण आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिष्याच्या सरावावर स्वतंत्र अध्याय आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर करावयाचा. शीर उघडण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. टाके घालण्याचा जाड वस्त्राच्या व मऊ कातड्याच्या कडेवर. पट्टी बांधण्याचा बाहुल्यावर. रोग्याच्या अंगाला हात लावण्याआधी चुका भाजीपाल्यावर करून घ्याव्यात, हा त्यातला शहाणपणा.

पुढची पायरी म्हणजे गुरूसमोर टेबलाच्या पलीकडे उभे राहणे. १८८९ साली उघडलेल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉल्स्टेड यांनी या उमेदवारीला शिस्त लावली. तरुणाने रुग्णालयातच राहावे, वर्षानुवर्षे साहाय्य करावे आणि जबाबदारी हळूहळू घ्यावी. 'निवासी डॉक्टर' हा शब्द त्याच व्यवस्थेतला. योगायोग असा की, त्याच वर्षी कॅनडाचे डॉ. विल्यम वानलेस हिंदुस्थानात आले. १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि पुढे त्याला जोडून वैद्यकीय शाळाही निघाली. आपल्या कडेगाव-खानापूरकडे ''मिरजेला नेलंय'' एवढे म्हटले की, दुखणे मोठे आहे हे वेगळे सांगावे लागत नसे. पण रोगी बरे झाले त्याइतकीच मोठी गोष्ट ही की, मिरजेत शिकलेले हात गावोगावी गेले. १९६२ साली तेथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते या पूर्वपीठिकेवर.

या पद्धतीत एक सोय होती. उघड्या पोटात गुरूला चार हात लागत. त्यांतले दोन शिष्याचे असत. शिकविण्याची इच्छा नसलेल्या गुरूलाही शिष्याला जवळ घ्यावेच लागे!

१९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीच्या साह्याने पित्ताशय काढले. हिंदुस्थानातील ती पहिली. आता सर्वांचे डोळे पडद्याकडे लागले. तरीही कॅमेरा धरावयास शिष्य लागेच. यंत्रमानवाने तेही काम काढून घेतले. अमेरिकेत २००० साली परवानगी मिळालेले आणि २००६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आलेले 'दा विंची' यंत्र स्वतःहून काही कापत नाही. शल्यवैद्य रोग्यापासून काही पावलांवर आसनावर बसून मोठे, खोली दाखविणारे चित्र पाहतो, बोटे हलवितो. त्याच हालचाली लहान करून, हाताची थरथर गाळून, यंत्राचे बाहू आत करतात. कॅमेराही तोच फिरवितो. शिष्य रोग्याजवळ उभा राहून अवजारे बदलतो, नळीने रक्त ओढतो. मुख्य काम पडद्यावर पाहतो. पाहून पोहता येत नाही, हे विहिरीत पडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

यावर उपाय निघाले. एक म्हणजे सरावयंत्र: खोट्या दृश्यात सुई ओवावी, गाठ मारावी, आणि वेळ व चुका यंत्राने मोजाव्यात. मला तर त्यात सुश्रुताचा कोहळाच दिसतो. दुसरा उपाय जोडआसनाचा. गुरू आणि शिष्य एकच चित्र पाहतात आणि अवजारांचा ताबा या आसनावरून त्या आसनावर देता येतो. पण तो द्यावयाचा केव्हा, हे गुरूच ठरवितो. आणि तो क्षणात परतही घेता येतो. पूर्वी गरजेने मिळणारी संधी आता मर्जीवर आली आहे. म्हणून प्रत्येक निवासी डॉक्टराने कोणता टप्पा स्वतः केला, याची नोंद रुग्णालयाने ठेवलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या तालुक्याच्या दृष्टीने महत्त्वाची. कोट्यवधींचे हे यंत्र मोठ्या शहरांत असते, आणि तेथे शिकलेला तरुण उद्या आपल्याकडे आला, तर मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रिया त्याला हातानेच करावयाची आहे. यंत्राच्या टेबलावरही एकाएकी रक्तस्राव सुरू झाला, तर बाहू सोडवून पोट उघडावे लागते. ते उघडण्याचा सराव त्याला कोणत्या टेबलावर मिळाला, हे त्याच्या पदवीच्या कागदावर लिहिलेले नसते.