‘लूट’ : इंग्रजीत गेलेला आपला एक शब्द

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांनी एक टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे : मराठे म्हणजे लुटारू. तो सर्वस्वी निराधार नाही. १६६४ च्या सुरतेच्या लुटीबद्दल आपण अभिमानाने बोलतो. पुढे बंगालच्या स्वाऱ्यांत रयत कशी नागवली गेली, हे मात्र सहसा सांगत नाही. पण ‘लूट’ हा शब्द इंग्रजीत कसा रुजला, हे पाहिले म्हणजे टोमण्याची दुसरी बाजू दिसते.

संस्कृत ‘लुण्ठ्’ या धातूशी नाते सांगणारा हा शब्द इंग्रजांनी हिंदीतून उचलला. १७८८ साली वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला पार्लमेंटपुढे उभा राहिला, त्याच वर्षी लंडनला छापलेल्या एका हिंदुस्थानी शब्दसंग्रहात तो आढळतो. पगाराऐवजी लुटीवर जगणाऱ्या स्वारांना कंपनीचे अंमलदार ‘लूटी’ किंवा ‘लूटीवाला’ म्हणत. तोवर शब्दही परका आणि दोषही परक्यांचा!

तो इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, चीनची युद्धे आणि १८५७ चा उठाव यांच्या काळात. म्हणजे त्यांचेच शिपाई लूट करीत होते तेव्हा. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली. गोऱ्या फौजेने शहरात केलेली कत्तल व लूट वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी स्वतः पाहिली आणि ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवली. दोनच वर्षांनी पेकिंगजवळचा बादशाही ग्रीष्मप्रासाद लुटला गेला. तिथे सापडलेले एक लहानसे कुत्रे कॅप्टन डन याने व्हिक्टोरिया राणीला नजर केले. त्याचे नाव ठेवले ‘लूटी’! दुसऱ्यावर मारलेला शिक्का आता राजवाड्यात कौतुकाने मिरवू लागला.

एक गोष्ट मात्र इंग्रजीला नेता आली नाही. आपल्या घरी संक्रांतीला सुवासिनी वाण ‘लुटतात’, म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्यांना वाटून टाकतात. दसऱ्याला सोने लुटायचे, तेही आपट्याची पाने एकमेकांना देऊन. हिसकावणे आणि उधळून देणे, दोन्ही अर्थ मराठीने एकाच क्रियापदात सांभाळले. इंग्रजीने त्यातला एकच नेला. यंदा कोणी विचारील, ‘संक्रांतीला काय लुटलंत?’ तेव्हा दुसरा अर्थ अजून आपल्याकडेच आहे, हे मुलांना जरूर सांगा.