थंडीतले रात्रीचे जेवण आणि गिरणीचा भोंगा

थंडीत रात्री सोपे, पौष्टिक आणि गरम असे काय रांधावे, हा प्रश्न आपण नेहमी घरातल्या बाईला विचारतो. आज आम्ही तो गिरणगावच्या इतिहासाला विचारणार आहोत.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली काढलेली मुंबईची पहिली सूतगिरणी 1856 साली चालू झाली. मग कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. कोकणातल्याने कुळीथ आणला, घाटावरच्याने हुलगा. कडधान्य एकच, नावे दोन! लसूण-मिरचीची फोडणी द्यावी, पाण्यात कालवलेले कुळथाचे पीठ सोडावे, मीठ व दोन आमसुले टाकून ढवळत राहावे, पिठी तयार. कोकणात ती भातावर घेतात, घाटावर हुलग्याच्या पिठल्याशी बाजरीची भाकरी आणि कांदा. अंगात ऊब येते, प्रथिने मिळतात, खिशालाही जड नाही.

मग अडले कुठे? वेळेपाशी. दिवे नव्हते तोवर गिरण्या सूर्याच्या घड्याळावर चालत. उन्हाळ्यात कामाचे तास 13च्या वर जात. थंडीत दिवस लहान, म्हणून ते 11च्या आसपास उतरत. म्हणजे थंडीची संध्याकाळ तेवढी कामगाराच्या वाट्याची होती. 1905च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले, काम 14-15 तासांवर गेले, आणि तीही संध्याकाळ मालकाने घेतली. दमून आलेला माणूस गरम जेवणाची वाट कशी पाहणार?

ती संध्याकाळ तासातासाने परत मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 1890 साली रविवारची सुटी मिळाली. कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस 1911 साली 12 तासांवर आणला. कारखान्यांचा दिवस 1922 साली 11, 1934 साली 10 आणि 1946 साली 9 तासांवर आला. त्यामागे संप होते, उपाशी राहिलेली घरे होती.

पण रांधणारीचे तास कोणी मोजले? आमची आई चाळीतल्या एका खोलीत खानावळ चालवी. पहिल्या पाळीसाठी ती पहाटे चारला उठे; दुसऱ्या पाळीची माणसे मध्यरात्री जेवून गेली की भांडी घाशी. तिच्यासाठी भोंगा कधीच वाजला नाही. अशा बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. कर्जाची वाट झाली. तासांची मात्र झाली नाही. आणि आम्ही? सभेत आठ तासांवर बोलून घरी यायचो आणि आयत्या पाटावर बसायचो. हे सांगताना आम्हांस लाज वाटते.

2025 साली राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास तेच, असे सांगण्यात आले. पण श्रोतेहो, भूक आठवड्याने लागत नाही, रोज रात्री लागते.

म्हणून आमचे सांगणे दोनच गोष्टींचे. कामाच्या तासांवर डोळा ठेवा. ते वाढले की पहिली चूल थंड होते. आणि वेळेवर घरी पोचलात, तर पिठी ढवळायला तुम्हीच बसा. तेवढे आम्हीही उशिरा का होईना, शिकलो.