काकांची मर्सिडीज आणि गोव्याच्या गाड्यांचा गंज

फोंड्याकडच्या आमच्या घरामागे एक मर्सिडीज १८० डी जवळजवळ तीस वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. तिचं काय करायचं, हे ठरवायला घराला तीन वर्षं लागली. त्या निमित्तानं गोव्यातल्या जुन्या गाड्यांबद्दल जे कळलं, आठवलं आणि प्रत्यक्ष हाताला लागलं, ते लिहून ठेवतो. गोव्याबाहेरच्या मराठी मंडळींना पहिला प्रश्न पडेल तो हाच, की टॅक्सी चालवणाऱ्या माणसाच्या दारात मर्सिडीज कशी? त्याचं उत्तर इतिहासात आहे.

१९५३ मध्ये भारत सरकारच्या टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना इथे गाडी बनवायची नाही, फक्त बाहेरून सुटे भाग आणून जोडायची आहे, त्यांनी गाशा गुंडाळावा, असा त्याचा रोख होता. जनरल मोटर्सनं मुंबईतला शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद केला, फोर्डही गेली. मग बेळगावापासून इंदूरपर्यंतच्या आपल्या लोकांना उरल्या हिंदुस्थान, प्रीमियर आणि स्टँडर्ड. आपली ती ‘डुक्कर फियाट’ त्याच काळातली. नंतर अँबेसिडर आली आणि ती जाता जात नव्हती.

सीमेच्या अलीकडे मात्र उलटं चाललं होतं. १९५५ नंतर भारतानं गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, येणंजाणं तुटलं. पण त्याच वर्षांत गोव्याचं लोखंडाचं खनिज जपानला जाऊ लागलं होतं, मुरगावच्या बंदरात पैसा येत होता आणि परदेशी मालाला दारं उघडी होती. रुपिया जाऊन एस्कुदो आला तो हाच काळ. त्यामुळे पणजी-मडगावात ओपेल, फोक्सवॅगन, मॉरिस आणि डिझेल मर्सिडीज दिसायच्या. पलीकडच्या सावंतवाडीत तेव्हा अशी गाडी बघायला गर्दी जमली असती. एक गंमत सांगून ठेवतो. पोर्तुगालनं १९२८ मध्ये रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली, पण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असल्यामुळे गोवा डावीकडूनच चालत राहिला. मुक्तीनंतर निदान ती एक गोष्ट कुणाला नव्यानं शिकावी लागली नाही.

१९ डिसेंबर १९६१ नंतर पोर्तुगीज अधिकारी आणि त्यांची कुटुंबं निघून गेली. जाताना गाडी कोण बरोबर नेणार? आमच्या काकांनी १९६२ च्या पावसाळ्याआधी अशा एका घराकडून ही १९५७ ची गाडी घेतली. काका तोवर दुसऱ्याच्या गाडीवर शोफेर होते. आजोबांनी थोडी जमीन गहाण टाकली, काकीच्या पाटल्या गेल्या. या व्यवहाराचा कागद अजून आहे, अर्धा पोर्तुगीजमध्ये, खाली काकांची मराठी सही. काकांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं, तेही देवळाजवळच्या शाळेतलं. पण गाडीच्या भागांची पोर्तुगीज नावं त्यांना तोंडपाठ होती.

गाडी कशी होती ते सांगतो. १,७६७ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद चाळीस-त्रेचाळीस अश्वशक्ती. आजच्या लहानातल्या लहान मारुतीपेक्षाही कमी. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. चालू करताना डॅशवरची खुंटी अर्धी ओढून धरायची, समोरच्या जाळीआड बारीक तारेचं वेटोळं लालबुंद व्हायचं आणि मगच खुंटी पूर्ण ओढायची. आम्हा मुलांना ती तार म्हणजे देवघरातल्या दिव्यासारखी वाटायची. कुणी पुढच्या सीटवर बसायचं यावरून मारामाऱ्या व्हायच्या. गाडीला घाई अजिबात नव्हती. पण डिझेल स्वस्त, इंजिन दणकट, आणि १९७३ नंतर पेट्रोल भडकलं तेव्हा पेट्रोलवाले टॅक्सीवाले काकांकडे ज्या नजरेनं बघायचे, ती काका शेवटपर्यंत विसरले नाहीत.

या गाडीनं काय काय वाहिलं! म्हार्दोळ, मंगेशी, कवळे इथल्या जत्रांचे यात्रेकरू. उत्सवी नाटकांच्या पेट्या. आपल्या गावागावांतल्या मराठी नाटकांचा सगळा संसार, म्हणजे पडदे, टोप, तलवारी आणि पायपेटी, टपावरच्या कॅरिअरवर बांधून जायचा, आणि आत रंग न उतरवलेले संभाजी, येसूबाई दाटीवाटीनं झोपलेले असायचे. लग्नात व्हकलेची गाडी हीच. बाळंतिणी हीच. आजारी माणसाला घेऊन काका रात्रीतून बेळगावला जायचे. १९६७ च्या ओपिनियन पोलच्या वेळी तर आमच्याच घरात दोन पक्ष पडले होते. काका विलीनीकरणवाले, आजोबा विरुद्ध. मतदानाला मात्र दोघे याच गाडीतून गेले, आणि वाटेत कुणी बोललं नाही म्हणतात.

आता गंजाकडे येतो, कारण निर्णय शेवटी त्यानंच करायला लावला.

या मॉडेलला वेगळी चासी नाही. ट्रकला किंवा जीपला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि वर बॉडी बसवलेली असते. बॉडी कुजली तरी सांगाडा राहतो. हिचं तसं नव्हतं. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ उंबरे आणि वरची बॉडी मिळूनच एक पेटी, आणि सगळा भार त्या पेटीवर. पुढची चाकं आणि इंजिन एका वेगळ्या पाळण्यावर, आणि तो पाळणा पेटीला फक्त तीन ठिकाणी रबरी ठोकळ्यांवर धरलेला. म्हणजे उंबरे आणि त्या तीन जागा गेल्या, तर गाडी दिसायला उभी असते, पण गाडी म्हणून शिल्लक नसते.

आणि गोव्यात पत्र्याला शत्रू किती! खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, फेरीबोटीतून जाताना उडणारं खाऱ्या पाण्याचं शिंतोडं. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला, त्यानंतर पणजी-बेती फेरीनं गाड्यांना पुन्हा वर्षानुवर्षं ते पाणी पाजलं. त्यात खाणीची लाल धूळ. ती चाकाच्या वरच्या खोबणीत बसते, ओली होते, वाळत नाही. वरून गंजाचा आणि मातीचा रंग एकच! आम्ही पाइप लावून धुतलं तेव्हा जवळजवळ दोन घमेली लाल चिखल निघाला, आणि चिखलाबरोबर पत्र्याचे पापुद्रेही.

गाडी नीट करावी, हे पुण्याच्या चुलतभावाचं म्हणणं. लिस्बनला असलेल्या पुतण्याचा त्याला पाठिंबा. तो तिथल्या रस्त्यावर अशा झगमगीत गाड्या बघतो. दुसऱ्या चुलतभावाला ती जागा घर वाढवायला हवी होती, आणि त्याचंही चूक नव्हतं, त्याच्याकडे सून येणार होती. मी मधला. गावात राहणारा म्हणून बघायचं काम माझ्याकडे आलं.

मी फोंड्याच्या एका जुन्या डेंटिंगवाल्या मेस्ताला आणलं. साठीचा माणूस, पूर्वी काकांच्या गाडीचं काम केलेला. त्यानं रंगाकडे बघितलंच नाही. चुंबक घेतला आणि दारांच्या खालच्या कडेनं फिरवला. चुंबक कुठे धरतो, कुठे गळून पडतो. जिथे गळतो तिथे पत्रा नाही, नुसती लांबी भरलेली. मग जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेला. चांगला पत्रा टणकारतो, कुजलेला भोपळ्यासारखा वाजतो. डाव्या उंबऱ्यात स्क्रूड्रायव्हर सरळ आत गेला. मग त्यानं चारही दारं उघडून बघितली, नीट लागत होती. जॅक लावून गाडी मधोमध उचलली आणि पुन्हा दार लावायला सांगितलं. डावं मागचं दार लागेना. दोन बोटं वर उचललं गेलं होतं. म्हणजे गाडी मधून वाकत होती. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी रंगारी बोलावण्याआधी ही एवढी जॅकची परीक्षा करावी. तिला पैसा लागत नाही.

तळाखाली आणखी सापडलं. काकांनी वेळोवेळी ठिगळं मारून घेतलेली. एक ठिगळ तेलाच्या पिंपाचं, त्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती. तीसेक वर्षं रोज धंद्यावर पळणारी गाडी. ती देखणी ठेवायला नाही, दुसऱ्या दिवशी स्टँडवर उभी करायला दुरुस्त होत होती. पाळण्याच्या तीन जागांपैकी दोन जागी हाताला भुगा आला.

मेस्त उठला, हात पुसले आणि म्हणाला, “बाब, हांव करतां, पूण मागीर ही गाडी तुमची उरची ना, म्हजी जातली.” म्हणजे एवढा नवा पत्रा घालावा लागेल की काकांची गाडी त्यात राहणारच नाही, त्यानं बनवलेली होईल. त्यानं खर्चाचा जो अंदाज दिला त्यात बरी सेकंडहँड गाडी आली असती. शिवाय रबरी पट्ट्या आणि बारीकसारीक भाग जर्मनीहून आणायचे, त्यावर कस्टम.

मी हे सगळं ग्रुपकॉलवर सांगितलं. पुण्याचा भाऊ म्हणाला, पैसे आपण वाटून घेऊ, आता व्हिंटेजचा कायदाही आला आहे. खरंच आला आहे. २०२१ च्या जुलैत केंद्रानं नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे पाच हजार. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राखता येतो. आमच्या नंबरातली ‘जीडी’ अक्षरं, म्हणजे गोवा, दमण, दीव, राहिली असती. नव्या नंबरात मात्र ‘व्हीए’ येतं. अशी गाडी रोज रस्त्यावर वापरायची नाही, धंदा तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन, एवढ्यापुरती. पण त्यात एक मेख आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

आणि आमच्या गाडीत इंजिन होतं मॅटाडोरचं. १९८४ मध्ये मूळ इंजिनाचा क्रँक घासला, भाग मिळेनात, तेव्हा काकांनी सरळ मॅटाडोरचं बसवून घेतलं. गोव्यात तेव्हा हे काम करणारे हात सराईत होते. आजचे शौकीन याला पाप म्हणतील. मला तसं वाटत नाही. त्या इंजिनावर माझ्या दोन्ही चुलत बहिणींची लग्नं झाली. एका जर्मन पाहुण्यानं कळंगुटला बॉनेट उघडायला लावून आत बघितलं आणि डोक्यावर हात मारला, ही गोष्ट काका हसून हसून सांगायचे. १९९१ मध्ये काकांना दिसेनासं झालं तेव्हा गाडी थांबली. इंजिन तेव्हाही चालू होतं.

मूळ इंजिन मात्र भंगारात गेलं नव्हतं. गोठ्यात, गवताच्या भाऱ्यांमागे, ग्रीस फासून गोणपाटात गुंडाळलेलं सापडलं. काकांनी ते का ठेवलं, कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्याच्या भावाला वाटलं, बघा, आता तर करायलाच हवी. दोन दिवस मलाही तसं वाटलं. पण इंजिन हे पुन्हा बांधता येतं, क्रँक घासून नवी बेअरिंगं घालता येतात. पेटी कुजली की तिच्याकडे परत जायला वाट नाही. चांगलं इंजिन आणि कुजलेली बॉडी हा मला उलटा सौदा वाटला. चांगली बॉडी आणि बंद इंजिन असतं तर मी स्वतः कर्ज काढलं असतं.

शेवटी काकीला विचारलं. गाडी तिच्या पाटल्यांची. वय ८६, कान शाबूत. तिनं एकच विचारलं, ती परत पळेल का? मेस्त म्हणतो पळेल, पण नवी होऊन. त्यावर ती म्हणाली, “तुज्या काकान ती पोटाखातीर घेतिल्ली पुता, पुजपाक न्हय.” पोटासाठी घेतली होती, पूजायला नाही.

साष्टीतल्या एका गृहस्थाकडे हेच मॉडेल आहे, घराच्या आतल्या अंगणात छपराखाली राहिलेलं, तळ टणटणीत, पण इंजिन नाही आणि समोरची काच फुटलेली. त्यांना आम्ही गोठ्यातलं इंजिन, गिअरबॉक्स, काच, पुढची जाळी, घड्याळांचा संच आणि ती खुंटी, सगळं दिलं. पैसे घ्यायचे की नाही यावर घरात पुन्हा दोन पक्ष पडले. घेतले, आणि काकीच्या नावे ठेवले. मॅटाडोरचं इंजिन गावातल्याच एकानं पाण्याच्या पंपासाठी नेलं.

उरलेली पेटी भंगारवाल्याला देण्याआधी कागद पुरे केले, कारण हे बहुतेक लोक करत नाहीत. गाडी कायमची निकामी झाली की मालकानं चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसी बुक परत द्यायचं असतं. बुक काकांच्या नावावर, काका जाऊन बारा वर्षं, तेव्हा आधी वारसाचं काम. चार खेपा झाल्या. खिडकीतल्या मुलीनं बुकावरचं गाडीचं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, टॅक्सी?

भंगारवाला आला त्या दिवशी लिस्बनचा पुतण्या व्हिडिओवर होता, पुण्याचा भाऊ फोनवरही आला नाही. काकी पडवीत बसून होती. क्रेननं पेटी उचलली तेव्हा ती मधून वाकली आणि आतून लाल माती गळत राहिली. काकीनं मला हाक मारली. मला वाटलं काहीतरी ठेवून घ्यायचं असेल, नंबरप्लेट किंवा तो तारा. तिला टपावरचा कॅरिअर हवा होता. सोलां वाळत घालायला बरा, म्हणाली, कोंबड्या पोचत नाहीत.